ध्रुवचा नंबर

“अक्का, मला ग्रुपमधून काढलंय. लगेच वर या ना.”

शुक्रवारची संध्याकाळ. फोनवर श्वेताचा आवाज रडवेला झाला होता. शिवलीलाअक्कांनी गॅसवरची कढई उतरवली आणि त्या जिना चढल्या. निपाणीच्या या बाई बंगलोरच्या एका विमा कंपनीत खोटे दावे हुडकायचं काम करत. खोटं बोलणाऱ्यांवर त्यांचा फारसा राग नसे, पण घाईनं निकाल देणाऱ्यांचं त्यांना तिडीक येण्याइतकं वावडं होतं.

श्वेता कॉम्प्युटरपुढे बसून होती. तिचा तीन वर्षांचा ध्रुव फरशीवर गाडी फिरवत होता, मुकाट्यानं. पोर अजून एक शब्द बोलत नव्हतं. मुलांना बोलायला शिकवणाऱ्या एक डॉक्टरीणबाई उद्या पुण्याहून मल्लेश्वरमला येणार होत्या. त्यांना बोलावलं होतं मराठी पालकांच्या ईमेल ग्रुपनं, आणि त्या बघणार होत्या ग्रुपमधल्याच मोजक्या मुलांना. परत केव्हा येतील, देव जाणे.

“काय झालं ते नीट सांग.”

“दुपारी माझ्या ईमेलवरून सगळ्यांना पत्र गेलं. डॉक्टरीणबाई भोंदू आहेत, मुलांवर प्रयोग करतात, असलं काहीबाही. मी नाही हो लिहिलं. ग्रुप चालवणारा विलास ऐकूनच घेत नाही. ध्रुवचा नंबर गेला, अक्का.”

“पासवर्ड कुणाला ठाऊक आहे?”

“कुणालाच नाही.”

“नवऱ्याला?”

“तो अमेरिकेत. त्याला दोनदा सांगूनही लक्षात राहिला नाही.”

अक्कांची नजर भिंतीवरच्या फोटोवर गेली. हिरव्या साडीतली एक बाई पाळण्यात वाकली होती, तोंड बाळाच्या कानाशी नेऊन.

“ही कोण?”

“प्रमोदिनी. आमच्या ग्रुपमधलीच. बारशाला नणंद नागपूरहून येऊ शकली नाही, म्हणून आत्याचा मान हिला दिला. मघाशी धीर द्यायला हिचाच फोन आला होता.”

“चप्पल घाल,” अक्का म्हणाल्या. “ध्रुवला उचल.”

विलास राहायचा एचएसआर लेआउटला. तिकडे यायला ऑटोवाला तयार होईना. अक्कांनी त्याला कन्नडमधून असा झापला की तो निमूट निघाला.

विलासच्या घरी उद्याची तयारी चालली होती. मदतीला प्रमोदिनी आली होती, मांडीवर तिची मुलगी सिद्धी.

“काढण्याआधी चौकशी केली होती का?” अक्कांनी उभ्या उभ्याच विचारलं.

विलास चिडला. “केली तर. सगळ्यांची खाती मीच उघडून दिलीत. पासवर्ड म्हणून प्रत्येकानं ठेवलंय आपल्या मुलाचं नाव, हे अख्ख्या ग्रुपला माहीत आहे. म्हणून मी स्वतः ‘ध्रुव’ टाकून पाहिलं. उघडलं नाही. म्हणजे श्वेताशिवाय कुणी लिहूच शकत नाही.”

“सरी, ठीक आहे. मग ध्रुवचा नंबर आता कुणाला?”

“वेटिंगवर पहिली सिद्धी आहे. तिला.”

अक्का खुर्ची ओढून बसल्या.

“श्वेता, तुझाही पासवर्ड मुलाचंच नाव?”

“हो. पण हाक मारायचं नाही. पत्रिकेवरून काढलेलं. ते आमच्यात कुणाला सांगत नाहीत.”

“एकदा तरी सांगावंच लागतं.” अक्का विलासकडे वळल्या. “तुमचं डोकं बरोबर चाललं, पण स्वल्प आधीच थांबलं. ध्रुवला नावं दोन आहेत. दुसरं नाव बारशाला आत्यानं त्याच्या कानात सांगितलं. खरी आत्या तर नागपुरात होती. मग कानाशी कोण वाकलं होतं?”

प्रमोदिनी पांढरीफटक पडली.

“भटजींनाही माहीत असेल की.”

“असेल. पण भटजींची मुलगी वेटिंगवर नाही.”

मग प्रमोदिनीनं सिद्धीच्या केसांत तोंड लपवलं आणि हुंदके देऊ लागली.

“चौथं लागलं हिला. अजून मला आई म्हणत नाही गं. तुझा ध्रुव निदान हाकेला वळून तरी बघतो.”

श्वेताच्या अंगाचा तिळपापड झाला. पोटच्या पोराच्या कानात जिला नाव सांगू दिलं, तिनंच ते असं वापरावं!

“सॉरी, श्वेता,” विलास पुटपुटला. “तुला आत्ता परत घेतो. प्रमोदिनीला काढतो. सिद्धीचं नावही खोडतो.”

“सिद्धीनं काय केलंय?” श्वेताचा आवाज चिरकला. “पुन्हा तीच घाई करतोयस तू. ध्रुवच्या वेळात दोघं बसतील. डॉक्टरीणबाईंचे पाय धरायची वेळ आली तर धरीन.”

तिनं ध्रुवला कडेवर घेतलं आणि दाराशी थांबली. प्रमोदिनीकडे तिनं पाहिलं नाही.

“सकाळी सिद्धीला तयार ठेव. मी घेऊन जाईन. तू येऊ नकोस.”