सोललेले शिंगाडे

गुरूच्या वाटेवर निघालेल्या 'तरंगिणी' यानात माणसं तीन, आणि त्यातलं एक हळदीसारखं पिवळं पडत चाललेलं.

डॉ. केतकीनं विभासची पापणी वर केली आणि पटकन सोडून दिली. नवरा होता तो तिचा. अपघातात त्याच्या लिव्हरचा चेंदामेंदा झाला, तेव्हा भागरथा मावशींनी आपलं अर्धं लिव्हर काढून दिलं. ना नात्याच्या ना गोत्याच्या. परका अवयव टिकवायचं औषध यानात नव्हतंच. तरी ते लिव्हर विभासच्या पोटात घरजावयासारखं मजेत नांदलं. गेल्या आठवड्यापर्यंत.

"मीच मारतेय त्याला," केतकी म्हणाली.

"रडत रडत सांगशील तं मले काही समजणार नाही. नीट बोल." मावशी भंडाऱ्याच्या, वनस्पतिशास्त्रज्ञ. यानातल्या तलावात गोगलगायींसकट शिंगाडे पिकवायच्या.

"तुमच्या लिव्हरमध्ये कृमी होता. पानासारखा चपटा. अर्ध्या लिव्हरबरोबर विभासकडेही गेला. सोनोग्राफीत दिसला, म्हणून मी दोघांनाही गोळ्या दिल्या."

"मग बरंच केलंस की."

"नाही ना. आपल्या अंगात पहारेकरी पेशी असतात. परकं दिसलं की तुटून पडतात. हा कृमी मग जगतो कसा? तो एक रस सोडतो. त्यानं शांतवणाऱ्या पेशी वाढतात, आणि त्या पहारेकऱ्यांना सांगतात, झोपा बाबांनो, सगळं आपलंच आहे. त्याच्या आडोशाला तुमचं लिव्हरही वाचलं. मी कृमी मारला आणि पहारेकरी जागे झाले."

"तं दुसरा सोड त्याच्यात."

"आणू कुठून? तुमचाही मेला."

"मले कुठून झाला होता हा?"

"गावच्या तलावातून. अंडी शौचातून पाण्यात जातात, तिथून गोगलगायीत, मग पाण्यातल्या वेलींवर चिकटतात. कच्चा शिंगाडा दातानं सोलला की..."

केतकी बोलता बोलता थांबली. यानात थेंब वाया जात नव्हता. तिघांच्या संडासाचं खत, त्यातल्या अंड्यांसकट, वर्षभर मावशींच्या तलावातच पडत होतं.

"विभासनं एक शिंगाडा सोलला नाही कधी," मावशी म्हणाल्या. "आळशी मेला. आयता गर खायचा."

"सोलायची मी. दातानं."

तिनं सोनोग्राफीचा दांडा स्वतःच्याच बरगडीखाली दाबला. पडद्यावर काळं, करडं, पुन्हा काळं. मग पित्तनळीत पानासारखं काहीतरी सावकाश वळलं. त्याच्यामागून आणखी एक.

आयुष्यात रोग सापडल्याचा इतका आनंद तिला कधी झाला नव्हता. ती विभासच्या शेजारच्या टेबलावर आडवी झाली.

"दुर्बिणीची नळी तोंडातून घाला, मावशी. चिमटा हलक्या हातानं लावा. जिवंत निघायला हवा, तसाच विभासच्या पित्तनळीत सोडायचाय. चिमट्यात चिरडला तर विभास गेला."

मावशींनी नळी उचलली.

"आजवर शिंगाडे भरवलेस नवऱ्याले," त्या म्हणाल्या. "आता हा भरव. कर आ."