आतला जपतो, बाहेरचा धरतो

या, जरा अलीकडे सरकून बसा. मागे बसणाऱ्याला गोष्ट ऐकू येते, पण तिची ऊब पुढे बसणाऱ्यालाच लागते. देवाने माणसाला डोळे दिले, ते भुलतात. कान दिले, ते हवं तेवढंच ऐकतात. बोटांची टोकं मात्र अशी दिली की ती खोटं बोलत नाहीत. ती टोकं जपता जपता दोन जीव एकमेकांचे कसे झाले, तेवढं आज ऐका.

रंग आणि रसायनांचं एक दुकान होतं. काउंटरमागे एक तरुण उभा असायचा. कुठलाही डबा देण्याआधी त्याच्यावरचा बारीक मजकूर गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. म्हणून सगळे त्याला ‘लेबलबुवा’ म्हणत.

एका दुपारी दुकानात एक मुलगी आली. केसांत लाकडाचा भुसा, ओढणीला लाखेचा वास. तिला जुना रंग उतरवायच्या औषधाचा डबा हवा होता, आणि डॉक्टर घालतात तसले पातळ हातमोजे. तिने डबा उचलला, पण तो हलेना. पलीकडून लेबलबुवांनी धरून ठेवला होता.

“ही दोन्ही एकत्र मिळणार नाहीत,” तो म्हणाला.

“का? भांडण आहे का त्यांचं?”

“भांडण असतं तर बरं होतं. फारच जमतं. हे औषध या मोज्यातून पाच मिनिटांत आत शिरतं, आणि मग आतच बसतं… तुमच्या कातडीला चिकटून.”

“इतक्या लगबगीने तर आमच्याकडे पाहुणेसुद्धा येत नाहीत,” ती म्हणाली. डबा सोडवून घेतला, मोजे काउंटरवरच राहिले. दारात मात्र ती एकदा थबकली, मागे पाहिलं… आणि गेली.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडे स्पिरिटचे डबे पोचवायला तो स्वतःच निघाला. मालकाने विचारलं, हमाल आजारी आहे का? हा म्हणाला, नाही, पण उन्हात चाललेलं बरं असतं.

तिच्या वडिलांची कार्यशाळा होती. जुन्या खुर्च्या-टेबलांचा रंग उतरवायचा, लाकूड घासायचं, नवं पॉलिश चढवायचं. वडिलांना सगळे मिस्त्री म्हणत. आत शिरताच त्याला दोरीवर वाळत घातलेले पातळ मोजे दिसले. फुगलेले, बोटं वेडीवाकडी लांबलेली.

“हे कोणाचे हात?” त्याने विचारलं.

“माझे. धुऊन पुन्हा घालते,” ती जरा ऐटीतच म्हणाली.

धुतले तरी औषध त्यांच्यात मुरलेलंच राहतं, उद्या घालाल तेव्हा कालचं लागेल, असं तो सांगू लागला. तेवढ्यात मिस्त्री हसत पुढे आले. त्यांचे हात उघडे होते, चाळीस वर्षं उघडेच होते.

“लाकडाशी बोलायला मधे दुभाषी कशाला?” ते म्हणाले. त्यांनी एक खुर्ची पुढे सरकवली. “हात फिरव. लोणी आहे लोणी.”

त्याने तळहात फिरवला आणि एक कुसळ कच्चकन आत गेलं. त्याने मान वर केली. मिस्त्रींच्या मागे ती उभी होती, ओठांवर बोट ठेवून. डोळ्यांत एवढी विनवणी की त्याने मूठ मिटली.

“झकास झालीय,” तो म्हणाला.

मिस्त्री समाधानाने जेवायला गेले. मग तिने सांगितलं. बाबांची बोटं औषधाने बधिर झालीत, गेली तीन वर्षं काही सांगत नाहीत. ते जेवायला गेले की ती त्यांचं काम पुन्हा घासते. पण ते त्यांना कळलं तर ते खुर्चीला कधी हात लावायचे नाहीत. आणि ते मोज्यांना हसतात, म्हणून त्यांच्यासमोर तीसुद्धा उघड्या हातांनीच काम करते. मोजे फक्त त्यांच्या पाठीमागे.

“दाखवा ते कुसळ,” म्हणत तिने त्याचा हात हातात घेतला. बोटाचं टोक तळहातावरून हळूच फिरवलं. एकदा… पुन्हा एकदा.

“काहीच तर नाही. उगाच नाजूकपणा.”

तिचं बोट नेमकं कुसळावर होतं. तो कळवळला. तिने खाली पाहिलं. कुसळ चांगलं दिसत होतं, तिच्या बोटाखालीच होतं.

हसू ओठांवरच विझलं. “मला… लागलं नाही,” ती म्हणाली. “बोटाला ते कळलंच नाही.”

अशा वेळी बोलणारे पुष्कळ असतात. तो दुसऱ्या दिवशी मोजपट्टी घेऊन आला. अंगठा सोडून तळहाताभोवती पट्टी फिरवली, आकडा लिहिला, आणि तो हात लगेच सोडायला विसरला.

संध्याकाळी दोन प्रकारचे मोजे आले. एक चंदेरी, पातळ, चुरचुरणारा, सैल. तो घालून ती म्हणाली, यात तर मी चिवड्याच्या पुडीत हात घातल्यासारखी दिसते. दुसरा जाड, रबरी, मापाचा.

“हे औषध त्या चंदेरीतून येत नाही, पण त्याने काही धरवत नाही. म्हणून वर हा. आतला जपतो, बाहेरचा धरतो.”

“आणि शेवटचा हात फिरवायचा तेव्हा?”

“तेव्हा औषध पुसलेलं, लाकूड वाळलेलं, हात धुतलेले… आणि उघडे. त्या एका क्षणासाठीच बाकीचा वेळ झाकायचे.”

मग दर शनिवारी तो तिच्या बोटांची परीक्षा घ्यायला येऊ लागला. ती डोळे मिटायची आणि तो तिच्या बोटाच्या टोकावर काहीतरी ठेवायचा. पहिल्या शनिवारी मिठाचा खडा होता, तिला कळला नाही. तिसऱ्या शनिवारी मोहरी कळली. दोरा कळायला महिना गेला. केस ओळखला त्या दिवशी तिने त्याला विचारलं, हा कोणाचा? तो म्हणाला, तुमचाच, परवा डब्यावर सापडला होता. जपून ठेवला होता का, हे तिने विचारलं नाही. त्याने सांगितलंही नाही.

दोन महिने झाले. तिने डोळे मिटले. बराच वेळ बोटावर काही आलं नाही. मग आलं… ऊबदार, हलकं.

“हे काय आहे?” त्याने विचारलं.

“थरथरतंय काहीतरी.”

“ओळखा ना.”

“बोट आहे… तुझं. आणि ते घाबरलंय.”

“घाबरलंय,” तो म्हणाला. “कारण आता तू उत्तीर्ण झालीस. पुढच्या शनिवारी यायला त्याच्यापाशी काही कारण उरलेलं नाही.”

तिने डोळे उघडले नाहीत. ते बोट मात्र मुठीत धरून ठेवलं. “मग कारणाशिवाय ये,” ती म्हणाली.

दारात मिस्त्री खाकरले. दोघं दचकून बाजूला झाली. ती सवयीने टेबलावरचे मोजे ओढणीआड लपवू लागली.

“राहू दे पोरी,” ते म्हणाले. “जेवून आलो की माझ्याच खुर्चीखाली ताजा भुसा दिसायचा. बोटं गेली तरी डोळे आहेत मला.” मग ते बाकावर बसले आणि आपले दोन्ही हात लेबलबुवांसमोर पसरले. “माझी काही परत यायची नाहीत. पण माप घे. बाप उघड्या हाताने बसला तर हिला झाकायची लाज वाटते.”

त्याने मोजपट्टी काढली. पट्टीचं दुसरं टोक तिने धरलं.

आता तुम्ही उठाल, आपापल्या कामाला लागाल. कधी असला डबा उघडाल तेव्हा एवढंच करा. झाकणाला हात घालण्याआधी त्याच्या पाठीवरचं वाचा, त्याला चालेल तो मोजा घाला, आणि त्या मिस्त्रींच्या पसरलेल्या हातांची आठवण काढा.