चिमणीच्या दातांचा पुरावा

एक कोडं घालते. एका शाळेत चोपन्न मुलं आहेत. प्रत्येकाला रोज एक पौष्टिक वडी मिळते. वर्षभरात एकही वडी कचऱ्यात सापडली नाही, कुत्र्याला घातली गेली नाही, कपाटात नासली नाही. तरीही वर्षाच्या शेवटी या मुलांची वजनं, वडी न मिळालेल्या मुलांइतकीच वाढलेली दिसली. मग वडी गेली कुठे?

हे कोडं आहार परीक्षण केंद्राच्या हुशार यंत्राला पडलं होतं. मला पडलं नव्हतं. निदान माझ्या वडीपुरतं उत्तर मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. अडचण एवढीच होती, की ते सांगायची सोय नव्हती.

मी अंबिका हुलगे. ही गोष्ट २०६१ सालची, मी पाचवीत होते तेव्हाची. आमचं टेकवडी हे माणदेशातलं गाव. पाऊस आमच्याकडे उभ्या उभ्या येऊन जातो. ऊन मात्र मुक्कामाला असतं. म्हणून शाळेच्या मागे काचेच्या सहा टाक्या बसवल्या होत्या. त्यात शेवाळ वाढायचं. त्याला पाणी थोडंसं लागतं, ऊन भरपूर लागतं, आणि वाळवून दळलं की त्याच्या पिठात डाळीपेक्षा जास्त प्रथिनं (शरीराची वाढ करणारे घटक) मिळतात. आमच्या स्वयंपाकघरातल्या गजराकाकू ते पीठ शेंगदाण्याचं कूट, बाजरी आणि गुळात मिसळून वड्या थापायच्या. रंग हिरवा असला तरी चव झकास होती.

वडीचा नियम एकच होता. वडी शाळेत खायची, घरी न्यायची नाही. पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी हात पुढे करून तशी शपथही घेतली होती.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी शेवटचं वजन करायला ते यंत्र आलं. त्याचं सरकारी नाव ‘मूल्यमापक सत्तावीस’. मूल्यमापन म्हणजे एखाद्या कामाचा खरंच उपयोग झाला की नाही हे तपासून पाहणं. पण त्याच्या पायाशी वजनकाटा होता, म्हणून आम्ही त्याला तोलाजी म्हणायचो. डोक्यावर सौरपत्रा, दोन लांब हात आणि चार चाकं. त्या चाकांत आमच्याकडची कुसळं अडकायची आणि तोलाजी दर पन्नास पावलांवर थांबून ती उपटत बसायचा. त्यामुळे त्याचा रुबाब जरा कमी पडायचा.

वजनं झाली. माझं भरलं सव्वीस किलो.

“गेल्या साली चोवीस हुतं,” मी खुशीत म्हणाले. “म्हंजी वडी लागू पडली की!”

“तुझी उंचीही पाच सेंटिमीटर वाढली आहे,” तोलाजी म्हणाला. तो पुस्तकासारखं बोलायचा. “ती वडीमुळे वाढली, की एक वर्ष उलटल्यामुळे?”

पोरं तर वाढतातच. वडी खा नाहीतर खाऊ नका.

“म्हणून नुसतं आधीचं आणि नंतरचं वजन पाहून भागत नाही,” तोलाजीने समजावलं. “वडी मिळाली नसती तर तुझं वजन किती झालं असतं, हे कळायला हवं. पण एकच अंबिका वडी खाणारी आणि न खाणारी अशी दोन्ही असू शकत नाही. म्हणून आम्ही दहा गावं घेतली. पाच गावांत वडी दिली, पाच गावांत यंदा दिली नाही. ती दुसरी पाच गावं म्हणजे तुलना गट (ज्यांच्याशी ताडून पाहायचं, अशी बाकी सगळ्या बाबतीत सारखी माणसं).”

“कुठल्या गावाला द्यायची ते कुणी ठरिवलं?”

“चिठ्ठ्यांनी. मी निवडली असती तर डांबरी रस्त्यावरचीच गावं निवडली असती.” त्याने चाकातलं एक कुसळ उपटलं. “पण रस्त्यावरच्या गावाला दवाखाना जवळ, बाजार जवळ. तिथली मुलं आधीपासूनच अंगाने बरी असतात. मग पुढे दिसलेला फरक वडीचा म्हणायचा की रस्त्याचा? चिठ्ठीला कुणाचा लळा नसतो. याला यादृच्छिक निवड (कुणाच्याही मर्जीने न होणारी निवड) म्हणतात.”

मला ते पटलं. खरं सांगायचं तर आवडलंही. पुढचं वाक्य मात्र मुळीच आवडलं नाही.

“वडीच्या गावांत मुलांची वजनं सरासरी दोन किलो शंभर ग्रॅमने वाढली. बिनवडीच्या गावांत दोन किलोने. शंभर ग्रॅमचा फरक अर्धा पेला पाणी प्यायल्यानेही पडतो. म्हणजे वडीचा उपयोग झालेला नाही. दुपारी तीन वाजता मी अहवाल पाठवीन. सोमवारी टाक्या उतरवतील.”

गजराकाकूंच्या हातातला झारा तसाच राहिला.

माझ्या डोळ्यांपुढे बिरू आला. बिरू म्हणजे माझा धाकटा भाऊ, तेव्हा तीन वर्षांचा. वर्षभरापूर्वी तो उंबऱ्यावर बसला की बसलेलाच असायचा. काडीसारखे हातपाय. अंगणवाडीच्या कार्डावर त्याच्या वजनाचा ठिपका लाल पट्ट्यात होता. बाबा आठ महिने मेंढरं घेऊन लांब जायचे. घरात भाकरी असायची, पण भाकरीबरोबर काय, हा आईचा रोजचा प्रश्न असायचा. आता बिरूचा ठिपका पिवळा पट्टा ओलांडून हिरव्याला टेकला होता. आणि बिरू आता उंबऱ्यावर बसत नव्हता, कोकरामागे पळत होता. कशामुळे, ते मला माहीत होतं.

सांगितलं तर शपथ मोडल्याबद्दल वडी बंद होणार. नाही सांगितलं तर उपयोग नाही म्हणून बंद होणार. इकडे आड, तिकडे विहीर!

पावणेतीनला तोलाजी पुन्हा माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“एका नोंदीचा अर्थ लागत नाही,” तो म्हणाला. “चोपन्नपैकी एकेचाळीस मुलांच्या सदऱ्याच्या खालच्या टोकाला गुळाचे डाग आहेत. तिथे दातांच्या खुणाही आहेत. अंबिका, तुम्ही कापड खाता का?”

वर्गात खसखस पिकली.

“कापडात पोषण नसतं,” तोलाजी गंभीरपणे म्हणाला. “रक्तात लोह कमी पडलं की काही मुलं माती, खडू असलं काहीबाही खातात. मी अहवालात लिहितो, ‘मुले गणवेश खातात’.”

आता मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. मी गजराकाकूंकडे पाहिलं. त्यांनी पदराला हात पुसले.

“अंबे, मूग गिळून का बसलीयास?” त्या म्हणाल्या. “सांग की त्येला. मला काय ठावं न्हाय व्हय? वड्या वाटल्या की मी रोज चुलीकडं तोंड करून बसायची, ते काय उगं?”

म्हणजे काकूंना सगळं माहीत होतं! माझ्या अंगातलं अर्धं भय तिथेच गळून पडलं.

मी खिशातून त्या दिवसाची, अजून न खाल्लेली वडी काढली. ती सदऱ्याच्या टोकात गुंडाळली, तोंडाशी नेली आणि कापडावरून कचकन चावले. कापड उघडलं. आत वडीचे दोन तुकडे.

“ह्येला चिमणीचे दात म्हंत्यात,” मी सांगितलं. “दात कापडाला लागतो, वडीला न्हाय. म्हणून दुसरा तुकडा उष्टा हुत न्हाय. हातानं मोडली तर भुगा पडतो, कापडात सगळं ऱ्हातं. एक तुकडा मी खाते. दुसरा घरी नेते. बिरूला.”

“रोज?”

“रोज. रविवार सोडून. तवा शाळा नसती.”

“आणि बाकीची मुलं?”

मागे वळून पाहिलं तर एकेक हात वर होत होता. कुणी बहिणीला न्यायचं, कुणी चुलतभावाला. एकेचाळीस हात. माझे डोळे भरून आले, कारण इतके दिवस मला वाटत होतं की शपथ मोडणारी मी एकटीच.

तोलाजीच्या छातीवरचा दिवा लुकलुकत राहिला. तीन वाजले.

“अहवाल पाठवला नाही,” तो शेवटी म्हणाला. “उशीर झाला अशी नोंद केली. माझ्या आयुष्यातली ही पहिली. पण अंबिका, तू सांगितलंस तो अजून पुरावा नाही. ते गृहीतक (तपासून पाहायचा अंदाज) आहे. वडी धाकट्यांच्या पोटात गेली असेल, तर तिची खूण कुठे दिसायला हवी?”

“धाकट्यांच्या अंगावर,” मी म्हणाले.

“आणि ती नक्की वडीचीच खूण आहे, हे कसं ओळखायचं?”

मी विचार केला. चिठ्ठ्यांची गोष्ट आठवली. “बिनवडीच्या गावातली बारकी पोरं बघा. आणि आमच्याच गावातली अशी पोरं बघा, ज्यांना शाळंत जाणारं दादा-ताई न्हाईत. त्यास्नी वडी कोण देणार? त्यांचं वजन तसंच ऱ्हायलं पायजे.”

“उत्तम,” तोलाजी म्हणाला. एवढं कौतुक मला गुरुजींनीही कधी केलं नव्हतं.

दहा गावांच्या अंगणवाड्यांत दर महिन्याला वजनं होतात. तोलाजीने त्या नोंदी मागवल्या. त्याला बारा मिनिटं लागली. त्या बारा मिनिटांत मी नखं कुरतडून संपवली. ती कापडावरून नव्हे, थेट.

“ऐका,” तोलाजी म्हणाला. “तीन ते पाच वर्षांची मुलं. बिनवडीच्या गावांत वर्षाला सरासरी वाढ एक किलो सातशे ग्रॅम. वडीच्या गावांत, पण घरात दादा-ताई नसलेल्या मुलांची वाढही एक किलो सातशे. आणि वडीच्या गावांत, ज्यांचं मोठं भावंड शाळेत जातं त्यांची वाढ...”

तो थांबला. यंत्रालाही गंमत करता येते, हे मला त्या दिवशी कळलं.

“दोन किलो चारशे.”

हुश्श! गजराकाकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि उगाचच धुराला शिव्या दिल्या. आमची चूल विजेवर चालते.

“वडीने काम केलं,” तोलाजी म्हणाला. “मी मात्र चुकीच्या पोटांचं वजन करत होतो. याला झिरपणारा परिणाम (एकाला दिलेल्या मदतीचा दुसऱ्याला पोचलेला लाभ) म्हणतात. मला हा शब्द येत होता. पण तो सदऱ्याच्या टोकाला लागलेला असतो, हे येत नव्हतं.”

“पर मग आमचं वजन का न्हाय वाढलं?” मी विचारलं. “अर्धी वडी तर आमीबी खाल्ली.”

“दिवसभर हुंदडणाऱ्या तुमच्या जिवाला अर्धी वडी म्हंजी दर्यात खसखस,” काकू म्हणाल्या. “बारक्याच्या इवल्या पोटाला तेवढीच लई.”

“गजराबाईंचं म्हणणं बरोबर आहे,” तोलाजी म्हणाला. “आमचा नियम चुकला. आम्ही शाळेतल्या मुलाचा विचार केला, त्याच्या घराचा केला नाही. अन्नसुरक्षा म्हणजे घरातल्या प्रत्येकाला, बाराही महिने, पोटभर आणि सकस अन्न मिळण्याची खात्री. घरात एक पोट उपाशी असेल तर दुसरं पोट एकट्याने जेवत नाही. मी हे अहवालात लिहितो.”

“आन् आमी शपथ मोडली, त्येचं?”

तोलाजीचा दिवा दोनदा लुकलुकला. “तेही लिहावं लागेल. कारण तुम्ही मोडली नसती, तर मला नियमाची चूक कळली नसती.”

त्या संध्याकाळी घरी जाताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते. वर्षभर मी तो अर्धा तुकडा खिशात लपवून, भिंतीच्या कडेकडेने घरी नेला होता. त्या दिवशी तो हातात उघडा धरून, मधल्या रस्त्याने नेला.

टाक्या सोमवारी उतरल्या नाहीत. तोलाजीने मात्र एक अट घातली. एकदा आलेल्या उत्तरावर विसंबायचं नाही, पुढच्या वर्षी पुन्हा ताडून पाहायचं, आणि या वेळी धाकट्यांना आधीपासून मोजायचं. जूनपासून नवा नियम आला. शाळेतल्या प्रत्येकाला एक पूर्ण वडी, आणि अंगणवाडीतल्या प्रत्येकाला तिथेच एक छोटी वडी, दादा-ताई असोत वा नसोत. दिवाळीपर्यंत ताडून झालं की बिनवडीच्या पाच गावांनाही वडी मिळायची होती. आणि तोलाजीच्या तपासणीच्या यादीत सगळ्यात वर एक नवा प्रश्न आला: ‘मुलांना विचारा, यातलं आणखी कोण खातं?’

नव्या नियमाच्या पहिल्या दिवशी मी वडी हातात घेतली. सवयीने सदऱ्याचं टोक वर गेलंच होतं. मग आठवलं. टोक सोडलं आणि वडीचा थेट, चांगला मोठा, उष्टा घास घेतला. आख्खी वडी खायची म्हणजे बराच वेळ लागतो, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

घरी गेले तर बिरू दारातच उभा होता. अंगणवाडीतून त्याने मूठ आवळून काहीतरी आणलं होतं. मला पाहताच त्याने आपला सदरा वर उचलला, मुठीतली वडी त्यात गुंडाळली, आणि पुढच्या चार दातांनी, सगळा जोर लावून, कापडावरून चावला.

“ताई, तुला,” तो म्हणाला. “उष्टं न्हाय.”