जरा सरकून बस

विश्रांतीचा दिवस म्हटला की बाकीचे पाय पसरून झोपतात. भिंगरीच्या आईने मात्र साबणाच्या पाण्याची बादली भरली आणि सायकल धुवायला काढली. रिकामं बसलं की मन खायला उठतं, त्यापेक्षा हाताला काम बरं.

अंधांच्या कार्यशाळेसाठी गावोगाव निधी गोळा करत समुद्राकडे निघालेला सायकलस्वारांचा जथा त्या दिवशी त्याच कार्यशाळेच्या आवारात उतरला होता. जेवणं आटोपून सगळे आडवे झालेले. लांबलचक शेडमध्ये अर्ध्या विणलेल्या वेताच्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या, ओल्या वेताचा कुबट वास भरून राहिलेला. पानसुद्धा हलत नव्हतं.

सायकल दोघांची होती. एकामागे एक सीट, आणि पेडलच्या दोन्ही जोड्या साखळीने बांधलेल्या. पुढचीने पाय मारले की मागचे पेडल आपसूक फिरत. पुढे आई, मागे भिंगरी. जन्मापासून दृष्टी नसलेल्या लेकीला वाऱ्याशी खेळता यावं म्हणून घेतलेली. चढ लागला की भिंगरी आईच्या पाठीवर बोटाने दोनदा टकटक करायची. म्हणजे, ‘आई, मी लावतेय गं जोर.’ आणि मग तिचे ते बारमाही गार हात आईच्या पाठीवर टेकायचे. आई ओरडायची, ती हसायची.

या प्रवासाला दोघींनी जायचं ठरलं होतं. गेल्या वर्षी साधा ताप म्हणता म्हणता भिंगरीच गेली. आईने देवापुढे शब्द दिला. समुद्रापर्यंत जाईन, पण तिची जागा रिकामी ठेवून. दुसरं कुणी तिथे बसणार नाही.

मागची सीट निघताना नवी बसवली होती. तिच्यावर फडकं फिरवताना आईचा हात थबकला. कातडं मधोमध दबलं होतं. कुणी रोज बसत असावं, तसं.

“अगं, उद्या घाट आहे,” मागून भिंगरीचे बाबा म्हणाले. ते सामानाची गाडी चालवायचे. “ती सीट काढून ठेवू का? तेवढंच ओझं कमी.”

“राहू दे.”

“रिकामी जागा वाहून नेऊन ती काही...”

“परवाच्या चढाला मला दम लागला नाही,” ती हळूच म्हणाली. “जरासुद्धा नाही.”

“सवय झाली असेल पायांना.”

“असेल.”

ते फाटकाशी उभ्या गाडीकडे निघून गेले. तेवढ्यात शेडमधून खुर्च्या विणणारी एक मुलगी भिंतीला हात लावत बाहेर आली. वय भिंगरीएवढंच. चेहरा तसाच किंचित वर, आवाजाकडे कललेला.

“काकू, साखळीची टकटक ऐकू आली. हीच ना ती दोघांची सायकल?”

“हो गं.”

“मी कधी बसले नाही. दिवसभर लोकांच्या बसण्याची सोय करते, पण मला कुणी कशावर बसवत नाही बघा.” ती स्वतःशीच हसली. “एक चक्कर माराल? फाटकापर्यंत?”

‘नाही’ अगदी ओठांवर आलं होतं. आई त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. दिलेला शब्द मोडायचा? पण देव काही सावकार नाही, शब्दावर अडून बसायला. जिवंत लेकराला दारातून परत पाठवलेलं त्याला तरी कुठे आवडेल?

लेकराचं तोंड पुसावं तशी आईने ओली सीट ओढणीने पुसली. मनातल्या मनात म्हणाली, ‘भिंगरे, जरा सरकून बस गं राणी.’

मग मुलीचा हात धरून तिला मागे बसवलं.

सायकल हलली. सुरुवातीला डगमगली, मग सरळ झाली. आज जड जात होती, फार जड. मुलगी आधी खिदळत होती, वारा तोंडावर घेत होती. मग एकाएकी पाठ ताठ करून बसली.

“काकू...”

“काय गं?”

“काकांना सांगा ना, धरू नका म्हणून. मी नाही पडणार.”

“काका कुठे धरतायत?”

“मग पाठीवर हात...” मुलीचा आवाज अगदी खाली गेला. “गार आहेत हो...”

आईचे पाय फिरतच राहिले. समोर फाटकाशी भिंगरीचे बाबा गाडीवरच्या सामानाचा दोर आवळत होते. चाकांचा आवाज ऐकून वळले. हसण्यासाठी उघडलेलं तोंड तसंच राहिलं. ते आईकडे बघत नव्हते. मुलीकडेही नाही. त्यांची नजर मुलीच्याही मागे, सायकल संपते तिथे खिळली होती. हातातला दोर सुटून खाली पडला, तो त्यांनी उचलला नाही.

“काकू, आता बोटाने दोनदा टकटक केलं...”

आईने मागे वळून पाहिलं नाही. डोळे भरून आले होते, त्यामुळे पुढचंही धड दिसत नव्हतं. फाटक मागे पडलं, बाहेरचा चढ लागला. मुलगी म्हणत होती, “थांबा ना, काकू.” आईने पाय पेडलवरून उचलले.

सायकल चढ चढतच राहिली.