हनुवटीवरचं गोंदण

झेरॉक्सवाल्याचं शटर बंद होतं, म्हणून तर निकिता शेजारच्या फोटो स्टुडिओत शिरली होती. शालिमार चौकाच्या मागच्या गल्लीतला अरुंद स्टुडिओ. कॉम्प्युटरसमोर रुद्र बसलेला. तिनं आईचा फोटो पुढं केला. गावाकडं, हरसूलच्या घरात, कुडाच्या भिंतीवर ओल खाऊन त्याच्यावर बुरशीचे ठिपकेच ठिपके उठले होते.

"आईच्या या फोटोचा मोठा झेरॉक्स काढायचाय."

"असा डागाळलेला झेरॉक्स बघून तुमच्या आई रागावतील हो! द्या, मी साफ करून देतो."

तेव्हापासून नर्सिंग कॉलेज सुटलं की तिचे पाय इकडंच वळायचे. झाला का फोटो? तो हसून म्हणायचा, "उद्या..."

आज मात्र उद्या म्हणायची सोय नव्हती. उद्या आईचं वर्षश्राद्ध होतं आणि हरसूलची शेवटची एसटी तासाभरात सुटणार होती.

रुद्रनं मोठ्या ऐटीत स्क्रीन तिच्याकडं फिरवली. निकिता पुढं वाकली.

"ही... ही माझी आई नाही."

"म्हणजे?"

"गोंदण कुठंय तिचं? कपाळावरचं, हनुवटीवरचं?"

त्याचा चेहरा उतरला. "मला वाटलं, तीही बुरशीच. बारीक ठिपके सगळे झाडून टाक, असं सांगितलं मशीनला."

"आई म्हणायची, मेल्यावर दागिने काढून घेतील, गोंदण तेवढं माझ्या संगं येईल. तेच पुसलंत तुम्ही!"

तेवढ्यात फोन वाजला. बाबा. "पोरी, निघाली का नाय? हार आणून ठेवलाय मी फोटोला."

"निघते, बाबा." तिनं फोन ठेवला.

"बसा," रुद्र म्हणाला. "मूळ स्कॅन आहे माझ्याकडं. तुम्ही बोट ठेवाल तिथं मी एक बी, म्हणजे बारीकशी खूण, टाकतो. मूळ फोटोत तो ठिपका जेवढा होता, तेवढंच ते बी पसरतं. जिथं बोट ठेवलं नाही, ते परत येत नाही."

"आणि कडेबाहेर गेलं तर?"

"कणभरही जात नाही."

"मशीनला तरी मर्यादा कळते म्हणायची! तुम्ही आठवडाभर उद्या-उद्या करत बसलात..."

"तुम्ही रोज यावं म्हणून," तो बोलून गेला. आणि मान खाली घालून माऊसशी चाळा करू लागला.

निकिताचे कान तापले. पण आत्ता ते ऐकायला वेळ होता कुठं?

मूळ फोटोत गोंदण आणि बुरशी, दोन्ही सारखीच काळी. तिनं ओठाखाली बोट ठेवलं. बी पसरलं... पसरतच गेलं. काळा ओघळ थेट गालापर्यंत चढला.

"काढा! काढा ते! बुरशी आहे ती!"

रुद्रनं घाईनं ते मागं घेतलं.

निकितानं डोळे मिटले. लहानपणी आईच्या कुशीत झोप येईपर्यंत तिचं बोट आईच्या हनुवटीवर फिरत राहायचं. तेच बोट आता तिनं स्वतःच्या हनुवटीवर टेकवलं. "इथं एक... त्याच्या खाली, जरा डावीकडं, दुसरा." रुद्र तिच्याकडं बघतच राहिला.

"माझ्याकडं काय बघताय? तिकडं बघा!"

स्क्रीनवर तिनं दाखवलं तिथं एकेक ठिपका भरत गेला. कपाळावर तिनं गोंदलेल्या चंद्रकोरीच्या फक्त टोकाला बोट ठेवलं आणि अख्खी कोर आपोआप उमटली.

"आली..." निकिता पुटपुटली. स्क्रीनमधून कुसाबाई लेकीकडं बघत होती.

ऊन-ऊन प्रिंट छातीशी धरून ती धावली. मागं रुद्र, तिची पिशवी घेऊन. स्टँडवर एसटीचं इंजिन घुरघुरत होतं. ती खिडकीशी बसली. त्यानं पिशवी आत दिली आणि गजाला धरून तसाच उभा राहिला.

"निकिता... तुमच्या मनातून मी पण गेलो का पुसून?"

गाडीनं हिसका दिला. तो गजावरचा हात काढणार, तोच तिनं त्या हातावर आपलं बोट टेकवलं.

"हे बघा," ती म्हणाली, "ठेवलं बोट."