कार्डावर नसलेले वेढे

"फाड! फाडून टाक तो अर्ज माझ्या डोळ्यांदेखत!" आईचा आवाज इतका चढला होता की शेजारच्या खिडकीतला रेडिओ कुणीतरी बारीक केला. टेबलावर दोन अर्ज पडले होते. एक कॉलेजचा, गुळगुळीत, वर शिक्का मारलेला. दुसरा तंत्रशाळेचा, पिवळट, जाडाभरडा. पोरीने हात ठेवला होता तो नेमका त्या पिवळट कागदावर... आणि ते पाहून आईच्या काळजात अकरा वर्षं दाबून ठेवलेला निखारा असा काही फुलला की ती पोटच्या गोळ्याकडे वैरिणीसारखी पाहू लागली!

"आई, मला मोटारीच भरायच्यात. स्वतःचं दुकान काढायचंय. त्याला कॉलेज कशाला?"

"कशाला? तुझ्या काकाला विचार कशाला! चार बुकं शिकून आला आणि खुर्चीत बसला. मी मात्र पडद्यामागे, स्टुलावर. तुला काय माझं स्टूल हवंय, भिंगरी?"

लहानपणी एका जागी टिकत नसे म्हणून पोरीचं नाव भिंगरी पडलं होतं. पण तांब्याची तार हाताशी आली की तीच भिंगरी तासन्‌तास जागची हलत नसे, हे आईला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तर जीव जळत होता!

पंपांच्या, कारखान्यांच्या जळालेल्या विजेच्या मोटारींत तांब्याची नवी तार भरायचं ते दुकान तिच्या नवऱ्याचं. तो गेला तेव्हा धाकटा दीर कॉलेजात होता. फी भरायला कुणी नाही म्हणून पुस्तकं गुंडाळून परत यायला निघाला, तेव्हा हिनेच त्याला दारातून मागे फिरवलं. "भाऊजी, शिक्षण सोडायचं नाही. दुकानाचं मी बघते." पदर खोचून ती नवऱ्याच्या स्टुलावर बसली. बोटांच्या चिंध्या झाल्या, वॉर्निशच्या वासाने जेवण जाईना. पण दिराची पदवी झाली! पदवी घेऊन तो आला, दुकानात टेबल टाकलं, दारावर स्वतःच्या नावाची पाटी ठोकली, आणि पहिल्याच मोठ्या गिऱ्हाइकाने "ह्या कोण?" असं विचारल्यावर मान वर न करता म्हणाला, "ही ना? कामाला येणारी बाई."

कामाला येणारी बाई...!

त्या दिवशी तिने ना भांडण केलं, ना अश्रू गाळले. तिने फक्त तोंड मिटलं. दीर प्रत्येक मोटारीचं एक कार्ड लिहून ठेवायचा, कुठल्या खाचेत तारेचे किती वेढे, सगळं सुवाच्य अक्षरात. मोटार पुन्हा जळून आली की त्याच कार्डावरून भरायची. पण एकदा जळालेल्या मोटारीच्या आतल्या पत्र्या आगीने दुबळ्या होतात. तिला मूळ आकड्याइतकेच वेढे दिले तर ती तापते आणि पुन्हा जळते. हे पुस्तकात असेल नसेल, तिच्या बोटांना कळायचं. पत्र्यांवरून अंगठा फिरवून ती ठरवायची, इथे दोन जास्त, इथे तीन. कार्डावर चव्वेचाळीस, मोटारीत सेहेचाळीस. दुकानाची कीर्ती वाढत गेली, कार्डं मात्र चुकीचीच राहिली. ती कुणाला एक अक्षर बोलली नाही. एक दिवस मी उठून जाईन, मग बघते तुझी पदवी कशी मोटारी फिरवते! ह्या एका विचारावर तिने अकरा वर्षं काढली. आणि त्याच्यावर कळस चढवायचा होता पोरीने. त्याच कॉलेजात शिकून, तोंडात तसलीच भाषा घेऊन, त्याच खुर्चीत बसून!

"उद्यापासून दोन दिवस मी कॉलेजच्या रांगेत," तिने फर्मान काढलं. "तुझ्या काकाला सांग, बाई येणार नाही म्हणावं."

 पोरगी दुकानात गेली ती निरोप द्यायला, पण तिथे बर्फाच्या कारखान्याच्या तीन मोटारी उघड्या पडल्या होत्या आणि काका डोकं धरून बसला होता. भिंगरीला वाटलं, आपली कला दाखवायची हीच संधी! आईच्या स्टुलावर बसून दोन दिवस तिने मान वर केली नाही. कार्ड समोर ठेवून, एकेक वेढा मोजून तिन्ही मोटारी भरल्या. इतक्या देखण्या, की काकाच्या तोंडून "वा!" निघून गेलं. त्याच रात्री त्या कारखान्यात चालूही झाल्या.

तिसऱ्या दिवशी आई कॉलेजात जागा पक्की करून, पावती नाचवत दुकानात शिरली, आणि उंबऱ्यातच थबकली. तिन्ही मोटारी काळ्याठिक्कर होऊन जमिनीवर पडल्या होत्या. बर्फवाल्यांचा आवाज छताला लागला होता.

"अहो, माझा सगळा माल पाणी होऊन गटारात गेला! कुणाच्या हातात दिलं होतं हे काम?"

दिराने घाम पुसला. "पोरीने भरल्या... वेढे कमी पडले असतील तिचे."

"नाही हो काका! कार्डावरचे बरोब्बर घातले... दोनदा मोजले..."  पोरीने दाराकडे पाहिलं. आईकडे! त्या नजरेत केवढी आर्त याचना होती... आई, तू तरी सांग ना!

एक वाक्य पुरे होतं. पण आईच्या मनात त्या क्षणी एक काळा विचार सरपटत आला. गप्प राहा. आता ही आपणहून कॉलेजात जाईल.

आणि ती गप्प राहिली!

घरी आल्यावर पोरगी हात धूत बसली. साबण लावला, धुतले. पुन्हा लावला, पुन्हा धुतले. मग शांतपणे म्हणाली, "आई, मी कॉलेजला जाते. तुझं बरोबर होतं. माझ्या हातात काही नाही."

हेच ऐकायला तर ती तरसली होती! पण तो विजय घशात अडकला. नळाखाली ती दहाही बोटं परक्याची असावीत तशी घासणारी लेक... "कामाला येणारी बाई" परवडली, आपल्या पोरीला तर आपण त्याहून खाली ढकललं! दिराने जे केलं ते एका वाक्याने केलं. आपण एकही शब्द न बोलता केलं. मग त्याच्यात आणि माझ्यात उरलं काय? पण जीभ... अकरा वर्षं मिटलेली जीभ काही केल्या उचलेना.

सकाळी तिने पोरीचं मनगट धरलं आणि तिला ओढतच दुकानात नेलं. बर्फवाले नुकसानीचं बोलायला आलेच होते.

"तिचं काही चुकलेलं नाही," ती दारातूनच म्हणाली. "कार्डं चुकीची आहेत. सगळीच्या सगळी. मला पहिल्यापासून माहीत आहे, आणि मी सांगितलं नाही."

दीर खुर्चीतून अर्धवट उठला. "वहिनी?"

"कशी सांगणार? कामाला येणाऱ्या बाईला कोण विचारतं!"

 मग दीर अगदी खालच्या आवाजात बोलला. "मला संशय होता, वहिनी. तुम्ही जास्तीची तार मागायचात... मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला काही येत नाही हे कबूल करावं लागलं असतं." तो बर्फवाल्यांकडे वळला. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "साहेब, चूक माझ्या कार्डाची. पोरीवर ढकललं ते पाप माझं. आणि ह्या कामाला येणारी बाई नव्हेत... माझ्या वहिनी आहेत. मी शिकलो तो ह्यांच्या हातांवर. दुकान ह्यांचंच आहे."

अकरा वर्षं! ह्या चार वाक्यांसाठी तिने दात-ओठ खाऊन दिवस काढले होते. वाटलं होतं, ऐकताना अंगावर फुलं पडतील. पण तिचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच... पोरगी तिच्याकडे बघत होती. डोळे कोरडे.

"काल तू दारात उभी होतीस," भिंगरी म्हणाली. "तुला माहीत होतं."

"हो."

"तरी गप्प बसलीस? मी तुझी कोण गं?"

 आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "चुकले गं बाळा... मला ह्याला जाळायचं होतं. तू मध्ये आहेस हे दिसलंच नाही."

पोरीने मनगट सोडवून घेतलं.  मग खाली बसून एका काळ्या मोटारीचं झाकण उघडू लागली. "मी तंत्रशाळेत जाणार. आणि दुकान काढणार ते माझं. कुणाच्या खुर्चीत बसून कुणाचा वचपा काढायला मी नाही शिकणार, आई. तुझ्यासाठीसुद्धा नाही."

"नको काढूस." आईने पदराने तोंड पुसलं, कमरेची पावती काढून दिराच्या टेबलावर टाकली. "भाऊजी, कॉलेजातली ही जागा सोडल्याचं पत्र लिहा. तुमचं अक्षर तेवढं चांगलं आहे."

बर्फवाल्यांनी उद्या संध्याकाळपर्यंतची मुदत दिली, तीही "बाईंनी स्वतः भरायच्या" ह्या अटीवर. "बाई नव्हे, मालकीणबाई!" दीर घाईघाईने म्हणाला. आई फटकन म्हणाली, "पुरे झालं हं, लगेच मुकुट नका चढवू."

जळकी तार निघाली, पत्र्या उघड्या पडल्या. मायलेकी जमिनीवर समोरासमोर बसल्या. आईने अंगठा पत्र्यांवर ठेवला तसा पोरीनेही ठेवला. "इथे खरखर लागते बघ... आणि इथे मऊ. मऊ लागली की दोन वेढे जास्त." आयुष्यात पहिल्यांदा आईने ते तोंडाने उच्चारलं.

दीर वही आणि पेन घेऊन शेजारी येऊन टेकला, इस्त्रीच्या पँटीसकट.

"लिहू नका," ती म्हणाली. "आणा इकडे हात."

त्याचा तो मऊ, स्वच्छ अंगठा तिने धरला आणि काजळीत दाबून पत्र्यांवरून सावकाश फिरवला.

"कळलं?"

"नाही, वहिनी."

भिंगरीने खाली मान घालून ओठ चावला. हसू होतं की हुंदका, कुणास ठाऊक.

"मग परत," आई म्हणाली.