मागची बैठक

वाळूच्या दांड्यापलीकडचा तो रुपेरी मासा एकदा तरी हातात धरायचा, एवढ्यासाठी मला नवी होडी हवी होती. दादाच्या गळाला तो तीनदा लागला आणि तीनदा निसटला. आता दादाच राहिला नव्हता. वर्षभर घरात माझ्याशी फक्त रेडिओ बोलत होता!

होड्या बांधणाऱ्या मिस्त्रींच्या शेडमध्ये दोन होड्या तयार होत्या. एक सडपातळ, चकचकीत. बघताक्षणी जीव जडला! दुसरी पसरट, बसक्या नाकाची.

"ती नुसती दिसायला झकास," मिस्त्री म्हणाले. "तुम्हाला पिसांचं आमिष लावून उभ्यानं दोरी फेकायची ना? तिच्यात उभे राहिलात की गेलातच! ही घ्या. तळ रुंद, आत फोम ठासलाय. पाणी भरलं तरी बुडायची नाही. मागची बैठक तेवढी काढतो. एकट्याला काय करायचीय?"

"राहू द्या," मी तुटकपणे म्हणालो.

सकाळी निघालो. दोन तास वल्ही मारली. दांड्यावर लाटा फुटत होत्या आणि लांबवर चिटपाखरूही नव्हतं. मी उभा राहिलो, होडी जराही डगमगली नाही. दोरी फेकायची, हातानं ओढून घेत मागे सोडायची, पुन्हा फेकायची.

आणि पाणी उसळलं! तोच! मागे पडलेली दोरी सरसर सुटली आणि अडकली! वल्ह्याच्या खुंटीला वेढा बसला होता. मी फेकत असलो की मागची दोरी गोळा करून टोपलीत ठेवणं हे दादाचं काम. तीस वर्षांच्या सवयीनं मी ती मागेच सोडत होतो, रिकाम्या बैठकीकडे!

माशानं होडी आडवी फिरवली. लाट आली! गुडघाभर पाणी! दुसरी आली! मी बैठकीवर आदळलो. सुरी काढली. हात उचलवेना. दादाचा मासा होता तो!

"जा बाबा!" मी ओरडलो आणि दोरी कापली.

होडी काठोकाठ भरली, पण बुडाली नाही. डब्यानं पाणी उपसता उपसता मी मोठमोठ्यानं रडलो. ऐकायला होतं कोण?

संध्याकाळी तसाच ओला शेडमध्ये गेलो. मिस्त्रींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मग? काढू ना आता बैठक?"

"नको. रविवारी मोकळे आहात?"

"मला मासे धरता येत नाहीत हो!"

"दोरी धरता येते ना?"

मिस्त्रींनी हातातला रंधा खाली ठेवला. "किती वाजता निघायचं?"